खांबामागचे चाळीस सेकंद

माणसं सरळ चालत नाहीत, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ट्रक सरळ जातात, कुत्रीसुद्धा बऱ्यापैकी सरळ जातात. माणूस मात्र चार पावलं टाकणार, थांबणार, खिसे चाचपणार, कुणी भेटलं की तिथेच गप्पा ठोकत उभा राहणार आणि शेवटी आला तिकडेच परत जाणार. आणि त्याच्या मागावर राहायचं कुणी? तर मी. म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामने.

कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येक माणसाभोवती चौकट आखायची, चौकटीला नंबर द्यायचा आणि तो माणूस इमारतीत कुठे कुठे हिंडला त्याची रेघ काढायची, हे आमच्या कंपनीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या नवऱ्याला तर बारा वर्षं सोपंच वाटतंय. पण कॅमेरा माणूस ओळखत नाही हो! त्याला सेकंदाला पंचवीस फोटो दिसतात, एवढंच. या फोटोतला माणूस आणि पुढच्या फोटोतला माणूस एकच, हे यंत्र अंदाजाने ठरवतं. मघाशी इथे होता, या वेगाने निघाला होता, म्हणजे आता तिथे असणार. मग तिथे जो कोणी सापडेल त्याच्या डोक्यावर तो जुना नंबर. मोकळ्या मैदानात हे झकास चालतं. मध्ये खांब आला की बोंबला.

आणि त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तब्बल नऊ खांब होते. एकेक खांब कपाटाएवढा रुंद.

मंगळवारी सकाळी आमच्या मालकांचा फोन आला. मालक माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण विकता येतो.

"मॅडम, अभिनंदन! आपल्या सिस्टिमने चोर पकडला!"

"कुठे?"

"हॉस्पिटलमध्ये. औषधांच्या कोठारातून इंजेक्शनचा डबा गेला होता. त्यांनी रेघ काढून बघितली तर सफाईवाल्या मावशी! चार वाजता पोलिसांत तक्रार देतायत. आपण फक्त एक सर्टिफिकेट द्यायचं, की रेघ बरोबर आहे. तुमची सही लागेल."

सही राहू दे, मी तिकडेच येते, असं म्हणून मी फोन ठेवला. कारण कुठला खांब, कुठली रेघ हे बघण्याआधीच मला एक गोष्ट आठवली होती, आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती.

ती आधी सांगून टाकते. यंत्राला माणूस दिसेनासा झाला की ते किती वेळ त्याची वाट बघणार, हा आकडा मी ठरवते. मी तो दोन सेकंदांवर ठेवला होता. दोन सेकंदांत माणूस खांबाच्या पलीकडे दिसला तर ठीक, नाहीतर नंबर सोडून द्यायचा आणि पुढे जो दिसेल त्याला नवा नंबर. प्रामाणिक कारभार. पण सिस्टिम बघायला हॉस्पिटलचे लोक आले तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं. "एका माणसाचे सात नंबर? आणि या रेघा अशा वाकड्यातिकड्या, दारू प्यायल्यासारख्या का?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या सुट्टीत दोन सेकंदांचे चाळीस केले आणि रेघा इस्त्री केल्यासारख्या गुळगुळीत केल्या. परत आले तर सगळे खूश. मी मनात म्हटलं, उद्या पूर्ववत करू. त्या उद्याला आठ महिने झाले होते.

माझ्या सासूबाई एकदा एखाद्याला आळशी म्हणाल्या की तो डोंगर फोडून आला तरी आळशीच. चाळीस सेकंद म्हणजे अगदी तेच. यंत्र नंबर हातात धरून खांबापाशी उभं राहणार आणि चाळीस सेकंदांत त्याच रंगाच्या कपड्यातलं जे कोणी बाहेर येईल त्याला तो चिकटवून टाकणार. आणि तिथल्या सगळ्या सफाईवाल्यांचे कपडे निळे. एकाच दुकानातले, एकाच मापाचे.

अकरा वाजता मी हॉस्पिटलात पोचले. प्रशासकांच्या खोलीत मालक आधीच येऊन बसले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर निळ्या कपड्यातल्या एक पन्नाशीच्या मावशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या मागे तशाच कपड्यात दुसऱ्या, जरा तरुण, हातात पाण्याची बाटली धरून उभ्या. या दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहतात, एका वेळेला कामावर येतात. हॉस्पिटलात त्यांना सगळे थोरली आणि धाकटीच म्हणतात. आरोप थोरलीवर होता.

"मी खांबामागे बसले होते," थोरली मला म्हणाली. हे ती सकाळपासून कितव्यांदा सांगत होती कोण जाणे. "पायरी आहे तिथे. गुडघा धरला होता. पाच मिनिटं बसले आणि उठले. कोठारात मी पाय ठेवला नाही. देवाशपथ."

"बाई, तुम्ही बसलात म्हणता," प्रशासक म्हणाले, "पण कॅमेऱ्यात तुम्ही चालताय."

माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्या डब्यात तीन पेशंटचे डोस होते आणि त्या पेशंटच्या नातेवाइकांनी प्रशासकांना दोन दिवस फाडून खाल्लं होतं.

"मूळ व्हिडिओ दाखवा," मी म्हटलं.

"तो तीन दिवसच राहतो. डबा गेल्याचं पाचव्या दिवशी कळलं. रेघा आहेत ना."

कर्म माझं! मी लॅपटॉप उघडला. दोन वाजून पाच मिनिटांनी थोरलीने धुलाईखान्याच्या दाराला कार्ड लावलं, तिथे तिच्या चौकटीला तिचं नाव चिकटलं. नंबर दोनशे बारा. दोन वाजून नऊ मिनिटांनी दोनशे बारा तिसऱ्या खांबामागे गेली, दोन दहाला बाहेर आली, सरळ औषधांच्या कोठारात. कोठाराचं दार माल उतरवायला स्टूल लावून उघडं ठेवलेलं, त्यामुळे तिथे कार्डाची नोंद नाही. दोन चौदाला मागच्या दाराने बाहेर. सुरेख, गुळगुळीत रेघ. बघणाऱ्याला वाटावं, हिच्याइतकं ठरवून कुणी चाललंच नसेल.

मी आतले आकडे उघडले. खांबामागचे एकतीस सेकंद यंत्राने काहीही बघितलेलं नव्हतं. निव्वळ अंदाज. आणि सव्वादोनच्या सुमारास त्याच खांबामागून एक नवाच नंबर उगवला होता, दोनशे एकोणीस. कुठल्याही दारातून आत न आलेला, नाव नसलेला, हळूहळू चालणारा. ही थोरली, गुडघा चोळून उठलेली. ती लंगडते. ते लंगडणं रेघेत दिसायला हवं होतं, पण मी सगळ्या रेघांवर इस्त्री फिरवली होती ना! आपलेच दात, आपलेच ओठ.

"ही रेघ चुकीची असू शकते," मी म्हटलं.

मालकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. खरंच दिला. मी पाय बाजूला घेतला आणि चाळीस सेकंदांची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली.

प्रशासकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आठ महिन्यांपूर्वी तुम्हीच म्हणालात की हे चुकत नाही. आज म्हणताय चुकतं. मी कुठल्या मॅडमचं ऐकू? दाखवा चुकताना. चारपर्यंत वेळ आहे."

बरोबरच होतं त्यांचं.

मी खाली जाऊन जागा बघितली. तिसऱ्या खांबामागे दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांना लागून वरच्या मजल्याचा जिना उतरतो. म्हणजे थोरली पायरीवर बसलेली असताना जिन्यावरून निळ्या कपड्यातलं कुणीही उतरलं आणि खांबाला वळसा घालून पुढे गेलं, की तिचं नाव त्याच्या डोक्यावर. हे घडवून दाखवायला मला दुसऱ्या निळ्या कपड्यातली बाई हवी होती.

"मी येते की," धाकटी लगेच म्हणाली. "ताईंसाठी काय वाट्टेल ते करेन. सांगा कसं चालायचं."

लॅपटॉप औषधांच्या ट्रॉलीवर ठेवला. एका बाजूला प्रशासक, दुसऱ्या बाजूला मालक, आणि दोन वाजता आमचा तमाशा सुरू झाला.

पहिल्यांदा धाकटी खांबाच्या भलत्याच बाजूने बाहेर आली. नवा नंबर. दुसऱ्यांदा मधून स्ट्रेचर गेलं, यंत्र गोंधळलं आणि दोघींना नवे नंबर मिळाले. तिसऱ्यांदा एक डॉक्टर खांबाला टेकून फोनवर बोलत उभे राहिले आणि काही केल्या हलेनात. चौथ्यांदा मी "आता!" म्हणून ओरडले, धाकटी दचकून धावतच बाहेर आली, आणि यंत्र म्हणालं छे, ही वेगळी बाई, ती एवढी पळत नव्हती. नवा नंबर. एरवी दिवसभर शेण खाणारं यंत्र, पण चुकायला हवं तेव्हा शहाण्या बाळासारखं वागत होतं! मला ते ट्रॉलीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

"बघा, किती अचूक आहे," मालक प्रशासकांना हळूच म्हणाले.

"सर, तुम्ही जरा गप्प बसाल का!" मी म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आठव्या वेळेपर्यंत थोरलीचा गुडघा सुजला. ती पायरीवरून उठायची, धुलाईखान्यापर्यंत जायची, कार्ड लावून परत यायची, परत बसायची. एकदाही कुरकुरली नाही. फक्त दर वेळी माझ्याकडे बघायची, झालं का म्हणून. आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. सव्वातीन वाजले होते. तक्रारीचा कागद प्रशासकांच्या खिशात होता, वरचं टोक दिसत होतं.

"बाई, एक बोलू?" धाकटी म्हणाली. ती घामाघूम झाली होती. "तुम्ही सांगता तशी मी एरवी चालतच नाही. आता या, आता थांबा, या बाजूने वळा. माझे पायच अडखळतात. मी रोजच्यासारखी चालू का?"

"रोज कशा चालता?"

"वरचा मजला पुसून झाला की बादली घेऊन याच जिन्याने उतरते. खांबाला वळसा घालते आणि कोठाराच्या बाजूला ती मोरी आहे ना, तिथे पाणी ओतते."

"मग तशाच चाला!" मी म्हटलं. मला इतकं हायसं वाटलं की मी ऐकलंच नाही, ती काय म्हणाली ते. म्हणजे शब्द ऐकले. बाकी काही ऐकलं नाही.

थोरली कार्ड लावून आली. चौकट, नंबर, नाव. खांबामागे गेली, बसली. पडद्यावर रिकामी चौकट खांबापाशी थांबली. दहा सेकंद, वीस सेकंद. धाकटी बादली घेऊन जिना उतरली, आपल्या रोजच्या चालीने खांबाला वळसा घालून बाहेर आली, आणि टक्! थोरलीचं नाव तिच्या डोक्यावर. पडद्यावर थोरली ऐटीत कोठाराकडे निघाली होती आणि खरी थोरली पायरीवर गुडघा धरून बसली होती.

"बघा!" मी एवढ्याने ओरडले की दोन नर्स थांबल्या. "हे बघा! बघितलंत? झालं की नाही?"

परत केलं. परत झालं. तिसऱ्यांदा केलं, परत झालं. थोरलीने डोळ्यांना पदर लावावा तसा बाहीचा कोपरा लावला. धाकटी बादली खाली ठेवून हसत होती. मी तिला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती.

प्रशासक पडद्याकडे बघत नव्हते. ते धाकटीकडे बघत होते.

"रोज?" ते म्हणाले. "रोज याच वाटेने येतेस? किती वाजता?"

"दोन, सव्वादोनला," धाकटी म्हणाली. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच होतं. "वरचं काम संपलं की."

"त्या दिवशी ड्युटीवर होतीस?"

आता तिचं हसू गेलं. माझंही गेलं.

"अच्छा!" मालकांना अचानक कंठ फुटला. "म्हणजे सिस्टिमने रेघ बरोबरच काढली! फक्त नाव चुकलं. चला, चोर तर मिळाला!"

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची एकदा हौस झाली, ती तुम्हाला परत करायचीय का? या हॉस्पिटलात चौदा सफाईवाल्या आहेत, सगळ्या निळ्या. धुलाईखान्यातले सहा जण निळे. जिना सगळ्यांचा आहे. मी आज हे दाखवलं की यंत्र कुणाचंही नाव कुणालाही लावतं. तिथे ही होती, असं मी दाखवलेलं नाही. तिला चालायला मी सांगितलं. तिच्या जागी तुम्हाला निळे कपडे घालून उतरवलं असतं तर थोरलीचं नाव तुमच्या डोक्यावर लागलं असतं!

"पण मॅडम," प्रशासक म्हणाले, "कोणीतरी होतंच ना तिथे?"

"होतं."

"मग कोण?"

"यंत्राला माहीत नाही."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"देते की. कागद आणा."

मालक मला खिडकीपाशी घेऊन गेले. "मॅडम, हे लिहून दिलंत तर उद्या हे आपले कॅमेरे उतरवतील. परवा बाकीचे उतरवतील. आपण विकतो काय? आपण हेच विकतो ना, की आपल्याला माहीत आहे?" राग नव्हता त्यांच्या आवाजात, काकुळतीला आले होते. मला त्यांची दया आली आणि तरीही मी लिहिलं. दोन वाजून नऊ मिनिटांनंतरची रेघ हा अंदाज आहे. ती कुणाची आहे हे यंत्रणा सांगू शकत नाही. ही त्रुटी मी स्वतः केलेल्या बदलामुळे आहे. खाली सही. मग त्यांच्यासमोरच चाळीसचे परत दोन केले. पडद्यावर ताबडतोब नंबर तुटायला लागले, एकेका माणसाचे सात सात, पाहिजे तसे.

प्रशासकांनी कागद दोनदा वाचला. खिशातला तक्रारीचा कागद काढला, नावावर काट मारली आणि वर 'अज्ञात' लिहिलं. "जा," ते दोघींना म्हणाले, "उद्यापासून नेहमीसारखं कामावर या." मालक माझ्याशी न बोलता निघून गेले. त्यांचं माझं उद्या काय ते होणार होतं.

मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत होते. पाठ दुखत होती, डोकं ठणकत होतं, पण आतून बरं वाटत होतं. एक बाई वाचली होती. दोन वाचल्या होत्या म्हणा ना. थोरली पायरीवरून उठायचा प्रयत्न करत होती आणि धाकटी तिला हात देत होती.

थोरलीने तो हात धरला, पण उठली नाही. तशीच बसून वर बघत म्हणाली, "अगं, त्या दिवशी मी इथे बसले होते तेव्हा मागून कुणीतरी उतरलं. बादलीचा आवाज आला होता. तू होतीस का गं?"

धाकटीने हात सोडवून घेतला.

"ताई, अकरा वेळा चालले मी तुमच्यासाठी."

"चाललीस गं. मी कुठे नाही म्हणते? नुसतं विचारतेय."

"रोजच उतरते मी. त्या दिवशी किती वाजता उतरले, कुणाला आठवतंय? आणि उतरले असले तर? पाणी ओतायलाच उतरते ना?"

"हो, हो. पाणी ओतायलाच."

मग दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी सांगावं म्हणून. माझ्याकडे लॅपटॉप होता, रेघा होत्या, आकडे होते. अर्ध्या तासापूर्वी मी याच जागी उभी राहून छाती ठोकून बोलत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

थोरलीने मान डोलावली, जणू तिला तेवढंच उत्तर अपेक्षित होतं. भिंतीला धरून ती आपली आपण उठली. गुडघ्यामुळे तिला जिना चढवत नाही, ती लिफ्टकडे गेली. धाकटीने बादली उचलली आणि जिन्याने वर गेली. पाच वाजता दोघींची सुट्टी होणार होती, आणि दोघींना एकाच घरी जायचं होतं.